दुभाष्याचे इमान

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाली, जेवणे झाली की रॅफलची वेळ येते. चिठ्ठ्यांचा डबा स्टेजवर येतो आणि सूत्रसंचालक हमखास म्हणतो, "एखाद्या लहान मुलाला वर पाठवा हो!" तिकडे महाराष्ट्रात महापालिकेच्या प्रभागांची आरक्षण सोडत निघते तेव्हाही शाळेतल्या मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आहे. चिठ्ठी काढायला अक्कल लागत नाही की ताकद लागत नाही. मग मूलच का? कारण उघड आहे. मोठ्या माणसाला कुणी जवळचे असते, कुणाशी वाकडे असते. मुलाला डब्यातल्या कुठल्याच नावाशी देणेघेणे नसते. म्हणजे आपला संशय नशिबावर नसतो, नशीब आपल्यापर्यंत आणून पोचवणाऱ्या हातावर असतो.

मंडळी, संगणकाच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, आणि या हाताचा प्रश्न मला तिथेही भेटला. संगणकात त्या हाताला 'ड्रायव्हर' म्हणतात. लेख तांत्रिक होणार म्हणून पान उलटू नका. प्रश्न यंत्राचा कमी आणि माणसाचा जास्त आहे.

संगणक हा मुलखाचा आज्ञाधारक प्राणी. तोच हिशेब शंभर वेळा घाला, उत्तर शंभर वेळा तेच. "मनाला येईल तो आकडा सांग" म्हटले तर त्याची पंचाईत होते, कारण त्याला मनच नाही. पण असा कुणालाही न ओळखता येणारा आकडा त्याला पदोपदी लागतो. आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा मधल्या संभाषणाला जे कुलूप लागते त्याची किल्ली म्हणजे असा एक मोठा आकडा. आकडा ओळखता आला की कुलूप उघडले. १९९५ साली बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की नेटस्केप हा त्या काळचा लोकप्रिय ब्राउझर आपली किल्ली घड्याळातली वेळ आणि चालू प्रोग्रॅमचे क्रमांक एवढ्यावरूनच बनवत होता. दार भक्कम, पण किल्ली पायपुसण्याखाली, असा तो प्रकार.

म्हणून मग निसर्गाकडे हात पसरावा लागतो. तारेतून वीज वाहताना उष्णतेमुळे जी बारीक खरखर होते तिला नियम नसतो. किरणोत्सारी पदार्थातला पुढचा कण कधी बाहेर पडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर कंपनीच्या ऑफिसात लाव्हा लॅम्पची एक भिंतच आहे. त्या दिव्यांतले रंगीत गोळे वरखाली होतात आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या त्यांच्या चित्रांतून आकडे बनवतात. २०१२ पासून इंटेलने तर अशी खरखर ऐकणारी सोय आपल्या प्रोसेसरच्याच पोटात बसवायला सुरुवात केली. पाठ्यपुस्तकात अशा आकड्यांना 'यादृच्छिक' असा दातखिळी बसवणारा शब्द आहे. आपण त्यांना सोडतीचे आकडे म्हणू.

पण चिपची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला थेट कळत नाही. त्या दोघांच्या मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम बसतो. चिप काय म्हणाली ते तो ऐकतो आणि सिस्टिमला तिच्या भाषेत सांगतो. हाच तो ड्रायव्हर. नावावरून गाडी हाकणारा वाटतो, पण काम दुभाष्याचे.

हे काम आपल्याला अनोळखी नाही. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. उजवी पडली तर साधारणपणे होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पाडणारा देव, पण गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात ती कुठली पडली हे सभामंडपात बसलेल्यांना सांगणारा गुरव. कौल देवाचा असला तरी ऐकू येतो तो गुरवाच्या तोंडून. आता विचार करा, या दुभाष्याने आपल्या पदरचे दोन शब्द घातले तर?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. अमेरिकेतच तो घडला आणि कोर्टापर्यंत गेला. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणारी मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन ही संस्था आयोवा राज्यात डे मॉइनच्या परिसरात आहे. तिथे एडी टिप्टन नावाचा माणूस माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता, आणि सोडतीचे आकडे काढणारा प्रोग्रॅमही त्यानेच लिहिला होता. त्या यंत्रणेत एक गायगर काउंटर होता. आसपासच्या किरणोत्साराची टिकटिक मोजायची आणि त्यातून आकड्यांचे बीज घ्यायचे, अशी चोख व्यवस्था. टिप्टनने काउंटरला हात लावला नाही. त्याने मधल्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घुसवल्या. वर्षातल्या तीन ठरावीक तारखांपैकी एक असेल, वार बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील, तर काउंटरचे न ऐकता आपल्याला आधी ताडता येईल असे बीज वापरायचे. बाकी सगळे दिवस प्रोग्रॅम अगदी सज्जनासारखा वागत असे.

२९ डिसेंबर २०१० हा त्या तीन तारखांपैकी एक, आणि त्या दिवशी बुधवार होता. 'हॉट लोटो'ची सोडत निघाली, बक्षीस १ कोटी ६५ लाख डॉलर. जवळजवळ वर्षभर ते घ्यायला कुणीच आले नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना बेलीझमधल्या एका कंपनीच्या वतीने एक वकील तिकीट घेऊन हजर झाला. तिकीट मुळात कोणी विकत घेतले हे सांगायला तो तयार नव्हता, म्हणून लॉटरीने पैसे अडवले. २०१४ मध्ये पोलिसांनी दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण प्रसिद्ध केले. त्यात डोक्यावरून टोपडे ओढलेला एक माणूस होता. सहकाऱ्यांनी त्याचा आवाज ओळखला. २०१५ मध्ये टिप्टन दोषी ठरला. पुढे विस्कॉन्सिनच्या एका यंत्रात ती करामत प्रत्यक्ष सापडली, इतर राज्यांतल्या सोडतीही उघड झाल्या, आणि २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केल्यावर त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

त्या रात्रीचे आकडे होते ३, १२, १६, २६, ३३ आणि ११. पुन्हा एकदा वाचा. यात काही खोट दिसते का? मला दिसत नाही आणि कुठल्याही गणित्याला दिसणार नाही. चोरी झाली की घरातली वस्तू नाहीशी होते, हिशेबात लबाडी केली की बेरीज चुकते. सोडतीच्या आकड्यांत असे काहीच होत नाही. प्रामाणिकपणे आलेले सहा आकडे आणि लबाडीने आलेले सहा आकडे शेजारी ठेवले तर दोघेही सारखेच निष्पाप दिसतात. टिप्टन पकडला गेला तो आकड्यांमुळे नव्हे, तर तिकिटाच्या लोभामुळे आणि कॅमेऱ्यात सापडलेल्या आवाजामुळे.

इथे माझा मूळ प्रश्न येतो. ज्याची लबाडी निकालावरून कधीच ओळखू येत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

महाभारतकारांना हा प्रश्न ठाऊक होता. सभापर्वात द्यूत सुरू होताना दुर्योधन म्हणतो की पणाची संपत्ती माझी, पण फासे माझ्यासाठी शकुनीमामा टाकील. युधिष्ठिर हरकत घेतो की एकासाठी दुसऱ्याने खेळणे बरोबर नाही. शकुनीच्या फाशांबद्दल लोककथा पुष्कळ आहेत, पण युधिष्ठिराने शंका घेतली ती फाशांवर नाही, हातावर. शंका अचूक होती. दुर्दैव असे की ती बोलून दाखवून तो तसाच खेळायला बसला.

मग काय, सगळ्यांवरच संशय घ्यायचा? हीच चर्चा २०१३ साली संगणकाच्या जगात कडाक्याने झाली. स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून त्या सप्टेंबरात बातम्या आल्या की अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर खात्याने कुलुपांच्या मानकांमध्येच कच्चे दुवे ठेवण्याचा प्रयत्न केला. त्याच महिन्यात 'निस्ट' या सरकारी संस्थेने, २००६ मध्ये आपणच मान्यता दिलेली आकडे बनवण्याची एक पद्धत वापरू नका, असा सल्ला दिला. लोक घाबरले. इंटेलच्या चिपमधली खरखर तरी खरी कशावरून? चिप फोडून आत बघणे तर शक्य नाही. ती सोय लिनक्समधून काढूनच टाका, अशी मागणी करणारा अर्ज फिरू लागला.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने त्याला फटकळ उत्तर दिले, पण त्यातला मुद्दा शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. टेड त्सो याने १९९४ मध्ये लिनक्सची ही आकड्यांची टाकी बांधली तेव्हापासून तिच्यात एकच नळ कधी सोडलेला नव्हता. कळफलकावर बोटे पडण्यातले अंतर, डिस्कला लागणारा वेळ असे अनेक झरे त्यात येतात आणि एकत्र घुसळले जातात. इंटेलची चिप हा त्यातला आणखी एक झरा. ती लबाड निघाली तरी बाकीच्यांचे पाणी गढूळ होत नाही, आणि खरी निघाली तर भरच पडते. चिपला हाकलायचे नाही, पण तिच्या एकटीच्या भरवशावरही राहायचे नाही. त्याच वर्षी फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमच्या मंडळींनीही चिपचे आकडे थेट न वापरता आधी मिसळून घ्यायचे ठरवले.

पत्त्यांचा खेळ आठवा. पाच जणांनी एकामागून एक पत्ते पिसले आणि कुणीही पत्ते उघडून पाहिले नाहीत, तर त्यातले चार जण लबाड असले तरी एकाने मनापासून पिसले की डाव खरा झाला. आपण एरवी म्हणतो की टोपलीत एक नासका आंबा असला की बाकीचे नासतात. इथे उलटे आहे, एक चांगला आंबा अढी वाचवतो. विश्वास म्हणजे चांगला माणूस शोधून त्याच्या पायाशी बसणे, अशी आपली जुनी समजूत आहे. मला वाटते, कुणा एकाच्या चांगुलपणावर सगळे अवलंबून राहणार नाही अशी मांडणी करणे हा विश्वासाचा जास्त शहाणा प्रकार आहे. त्यात त्या माणसाचा अपमान नाही, उलट त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

पण मांडणी चोख असली तरी दुभाष्याचे स्वतःचे एक कर्तव्य उरतेच. निसर्गाची खरखर अगदी समतोल नसते, थोडी एका बाजूला झुकते. ती साफ करावी लागते. १९५१ मध्ये जॉन फॉन नॉयमनने यासाठी एक सुंदर युक्ती सांगितली. नाणे झुकते असले तर ते दोनदा उडवा. आधी छापा मग काटा आला तर एक धरा, आधी काटा मग छापा आला तर शून्य धरा, दोन्ही वेळा सारखेच आले तर ती जोडी टाकून द्या. नाण्याचा कल निघून जातो आणि उडवणाऱ्याची इच्छा त्यात शिरत नाही. साफसफाई आणि फेरफार यांतला फरक इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मात्र साफसफाईचा एक धोका आहे. चकचकीत करण्याची कला इतकी पुढे गेली आहे की आतली चिप मेली असली तरी बाहेर येणारे आकडे छान दिसू शकतात. म्हणून इमानी ड्रायव्हर कच्चा आवाज आधी तपासतो, आणि आवाज बंद असेल तर स्पष्ट सांगतो की माझ्याकडे आज काही नाही. हे 'नाही' फार महत्त्वाचे. २०१९ मध्ये एएमडी कंपनीचे नवे प्रोसेसर बाजारात आले तेव्हा त्यांतली सोय दरवेळी एकच आकडा देत होती, आणि सोबत 'काम यशस्वी' असा शेराही मारत होती! काही लिनक्स सिस्टिम त्यामुळे सुरूच होईनात, मग कंपनीने दुरुस्ती पाठवली. त्याआधी २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा इथल्या संशोधकांनी इंटरनेटवरची कुलपे तपासली. सुरक्षित म्हणवणाऱ्या दर दोनशे यंत्रांमागे एकाची खासगी किल्ली त्यांना काढता आली. त्यात भरणा होता राउटरसारख्या छोट्या यंत्रांचा. चालू झाल्याबरोबर, टाकीत अजून थेंबही नसताना, त्यांनी किल्ल्या बनवल्या होत्या. "थांबा, अजून तयारी नाही" असे म्हणणारे त्यांच्यात कुणी नव्हते.

'नाही' म्हणण्याची किंमत कधीकधी जबर असते. आपल्या घरांना सोडतीची धडधड नवी नाही. २००७ च्या एप्रिलमध्ये एच-वन-बीच्या ६५,००० जागांसाठी पहिल्या दोन दिवसांतच लाखावर अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. त्यानंतरच्या किती वसंतांत किती मुलांची भवितव्ये डब्यात पडली! पण मी सांगतो ती गोष्ट ग्रीन कार्डाच्या 'डायव्हर्सिटी व्हिसा' सोडतीची, ज्यात भारतात जन्मलेल्यांना भाग घेता येत नाही. २०१० च्या शरद ऋतूत सुमारे दीड कोटी अर्ज आले. २०११ च्या मे महिन्यात सुमारे २२,००० लोकांना कळले की आपली निवड झाली. मग लक्षात आले की निवडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक नोंदणीच्या पहिल्या दोनच दिवसांतले आहेत. प्रोग्रॅममध्ये चूक होती. परराष्ट्र खात्याने निकाल रद्द केला आणि सोडत पुन्हा काढली. काही जण कोर्टात गेले, पण तिथेही दाद लागली नाही.

हे बरोबर झाले का? ज्यांनी घरच्यांना पेढे वाटले असतील त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दुसऱ्या बाजूला १ डिसेंबर १९६९ ची सोडत आठवा. व्हिएतनामच्या युद्धावर आधी कोणी जायचे हे जन्मतारखेवरून ठरवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये ३६६ निळ्या कॅप्सूल एका काचेच्या भांड्यातून काढल्या. पहिली एका काँग्रेसमनने काढली, बाकीच्या तरुण मुलामुलींनी. हात निष्पाप होते, पण कॅप्सूल महिन्यामहिन्याने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. डिसेंबरात जन्मलेल्यांना सरासरीने अलीकडचे, म्हणजे लवकर बोलावणे येणारे क्रमांक पडले. संख्याशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. पुढच्या वर्षी पद्धत सुधारली, पण पहिला निकाल तसाच राहिला. २०११ मध्ये २२,००० जणांचा आनंद हिरावला गेला, १९६९ मध्ये काहींना ढवळण्याच्या हलगर्जीपणामुळे युद्धाच्या रांगेत पुढे उभे राहावे लागले. सोडतीचा निकाल माणूस मुकाट सोसतो, कारण त्यात कुणाची मर्जी नाही असे आपण त्याला वचन दिलेले असते. वचन मोडले गेले हे कळल्यावरही निकाल लादणे म्हणजे नशिबाच्या नावाखाली हुकूम चालवणे. म्हणून मला २०११ चा निर्णय कठोर पण योग्य वाटतो.

मंडळी, आता यंत्रे बाजूला ठेवू. दुभाषी आपल्या घराघरांत आहेत. भारतातून आलेल्या आईला डॉक्टरकडे नेतो तेव्हा मध्ये कोण बसते? आपण, किंवा आपला पंधरा वर्षांचा मुलगा. डॉक्टर म्हणतात, "गाठ संशयास्पद आहे, दोन आठवड्यांत बायोप्सी व्हायलाच हवी." आईला मराठीत ऐकू येते, "एक छोटीशी टेस्ट आहे, काळजीचे काही नाही." त्यात पैशाचा लोभ नाही, निव्वळ माया आहे. आई निर्धास्त होते, आणि परतीचे तिकीट आहे म्हणून "तिकडे गेल्यावर बघू" म्हणते. तिचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेऊन टाकला, आणि तिला ते कधीच कळणार नाही.

अमेरिकेत २०१६ मध्ये अफोर्डेबल केअर ॲक्टखाली आलेल्या नियमाने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना सांगितले की तातडीची वेळ सोडता रुग्णासोबतच्या लहान मुलाला दुभाषी करू नका, जाणकार दुभाषी विनामूल्य द्या. रॅफलच्या डब्यात हात घालणारे मूल आपल्याला हवे असते ते त्याला देणेघेणे नसते म्हणून. आजीच्या बाबतीत त्याच मुलाला सर्वांत जास्त देणेघेणे असते. प्रेमही एक कलच आहे. आवाज मऊ करावा, हात हातात घ्यावा, शब्द सोपे करावेत, ही फॉन नॉयमनची साफसफाई झाली. 'दोन आठवड्यांत' हे शब्द गाळले की फेरफार सुरू झाला.

माझे म्हणणे एवढेच. पुढच्या वेळी आईवडिलांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा मराठी दुभाषी मागा, फोनवरचा असला तरी चालेल. तुम्हीही बसा, मोठी बहीण असेल तर तिलाही बसवा. एकाच नळावर राहू नका. आणि मुलाला मध्ये बोलावे लागलेच तर त्याला निघण्याआधी सांगून ठेवा की एखादा शब्द कळला नाही, तर "मला नाही कळले, पुन्हा विचारतो" असे म्हणायला लाजायचे नाही. आजी थांबेल. डॉक्टरही थांबतील.